धंदा सोलापुरात, गिऱ्हाईक मोबाईलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चादर-टॉवेलचे कारखानदार, युनिफॉर्मवाले, शेंगा चटणी आणि कडक भाकरी करणाऱ्या ताई, हुरडा पार्टीवाले, अशा आपल्या सोलापूरच्या छोट्या धंदेवाल्यांना सोशल मीडियावर उभं राहायला मदत करणं हे माझं रोजचं काम आहे. प्रश्न जवळपास तेच तेच येतात म्हणून सगळे एका ठिकाणी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतायत ते कळेल: किती फॉलोअर झाले ते नंतर बघा, आधी चौकशीला उत्तर किती वेळात गेलं आणि एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत आलं का, ते बघा.

फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, सुरुवात नक्की कुठून करू?

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. २०१८ पासून हे वेगळं अ‍ॅप फुकट मिळतंय आणि तरीपण निम्मे दुकानदार अजून घरच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर धंदा करतात, त्यात मग मामाच्या पोराच्या लग्नाचे फोटो आणि गिऱ्हाईकाची ऑर्डर एकाच रांगेत आणि ऑर्डर खाली जाते ती दिसतच नाही. दुकानाचं वेगळं सिम घ्या, एकाच फोनवर दोन्ही अ‍ॅप चालतात. प्रोफाईलमध्ये पत्ता, वेळ, सुट्टीचा वार टाका, कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव टाका. क्विक रिप्लाय नावाची सोय आहे, तिथं "कुरिअरला किती दिवस लागतात" याचं उत्तर एकदा लिहून ठेवलं की दरवेळी टाईप करायला नको. आणि लेबल लावायची सवय करा, 'नवीन ऑर्डर', 'पैसे यायचेत', 'माल गेला', एवढी तीन लेबलं नीट लावली तरी वहीतला अर्धा गोंधळ जातो.

इन्स्टाग्राम त्याच्यानंतर. कारण इन्स्टावर माणूस बघतो पण विचारायला शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच येतो, आणि तिथं उत्तर द्यायची तयारी नसेल तर रील चालूनसुद्धा उपयोग नाही. फेसबुक म्हातारं झालं असं पोरं म्हणतात, पण लग्नाच्या आहेराच्या चादरी एकगठ्ठा घेणारी माणसं बरीचशी अजून फेसबुकवरच आहेत, त्यामुळे इन्स्टावर टाकलेलं तिकडेपण जाऊ द्या, एक बटण दाबायचं काम आहे.

गूगलवर दुकान टाकायलाच हवं का? ते काय सोशल मीडिया नाही ना?

नसू दे, पण टाकाच. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर करून परत निघालेली पुण्या-मुंबईची गाडी सोलापुरात शिरते तेव्हा मागच्या सीटवरची बाई मोबाईलवर "सोलापुरी चादर दुकान" असं शोधत असते. त्या यादीत तुम्ही नसाल तर ती गाडी दुसऱ्याच्या दारात थांबणार. गूगल बिझनेस प्रोफाईल फुकट आहे. व्हेरिफिकेशनला हल्ली बऱ्याचदा दुकानाचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगतात, बोर्ड, आतला माल, शटर उघडताना, असं सगळं एका दमात दाखवायचं.

त्यात दोन गोष्टी फार लोक विसरतात. नकाशावरची पिन बरोबर गल्लीत आहे का ते स्वतः चालत जाऊन बघा, पूर्व भागातल्या बोळांमध्ये पिन एक गल्ली इकडेतिकडे असली की बाहेरगावचा माणूस फिरून फिरून वैतागतो. आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेच्या) दिवसांत वेळ बदलत असाल तर ती तिथं बदला, बंद शटर बघून परत गेलेलं गिऱ्हाईक रिव्ह्यू लिहितंच.

रीलमध्ये दाखवू काय? आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही.

हे वाक्य मी ज्या ज्या कारखान्यात ऐकतो तिथं मागं माग चालू असतो, खटखट खटखट, आणि मालक म्हणतो दाखवण्यासारखं काही नाही! अहो तुम्हाला रोजचं झालंय, पण ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसानं आयुष्यात माग बघितलेला नाही.

मोबाईल मागाच्या बाजूला, कापडाच्या पातळीला धरा. धोटा इकडून तिकडं जातो, फणी ठोकते आणि चादरीवरचा मोर एकेक ओळ करत वर येतो, आधी पाय, मग पोट, मग पिसारा. मग कॅमेरा हळू वर न्या, जॅकार्डवर (मागाच्या वरचं नक्षी पाडणारं यंत्र) टांगलेली पंच कार्डांची माळ दिसू दे, त्या भोकांमुळे मोर होतो हे कामगारालाच एका वाक्यात सांगू दे. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होतो. वर गाणं टाकू नका, मागाचा आवाज ठेवा.

चटणीचं पण तेच. तयार पाकिटाचा फोटो सगळेच टाकतात. उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ पडतंय आणि कुटता कुटता शेंगदाण्याचं तेल सुटून चटणी कडेला चमकायला लागते, तो क्षण जवळून घ्या. मिक्सरमधल्या भुग्यात आणि कुटलेल्या चटणीत फरक काय, हे त्या एका शॉटमध्ये कळतंय, मग भाव दहा रुपये जास्त का ते वेगळं समजावावं लागत नाही. कडक भाकरीवाल्या एका ताईंना मी फक्त एवढंच सांगितलं की भाकरी मोडतानाचा आवाज रेकॉर्ड करा, बाकी काही नको.

त्याशिवाय: ऑर्डर पॅक करतानाचा व्हिडिओ, चादर धुतल्यावर रंग कसा राहतो तो व्हिडिओ, सिंगल आणि डबल चादर एकाच पलंगावर टाकून साईज दाखवणारा व्हिडिओ. लोक जे दुकानात येऊन विचारतात तेच दाखवायचं, विषय संपत नाहीत.

एक मात्र नक्की पाळा. कामगाराचा, विशेषतः शिलाई किंवा वाइंडिंगवर (सूत गुंडाळायच्या कामावर) बसलेल्या बायकांचा चेहरा विचारल्याशिवाय टाकायचा नाही. नको म्हणाल्या तर नुसते हात घ्या, हातच जास्त बोलतात.

चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?

नाही. मोबाईल उभा धरा, लेन्स शर्टाच्या टोकानं पुसा (खरंच पुसा, कारखान्यात सुताची कुसं बसलेली असतात आणि सगळं धुरकट येतं), सकाळचा उजेड घ्या. पैसे घालायचेच असतील तर छोटा कॉलर माईक घ्या, कारण व्हिडिओ जरा हलला तर चालतंय पण आवाज कळला नाही की माणूस पुढं जातो.

बाकीच्यांच्या रीलवर ट्रेंडिंग गाणी असतात, माझ्या अकाउंटला का दिसत नाहीत?

तुम्ही बिझनेस अकाउंट केलंय म्हणून. सिनेमाच्या गाण्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात आणि धंद्याच्या जाहिरातीला ती गाणी वापरायची परवानगी त्या करारात नसते, म्हणून बिझनेस अकाउंटला वेगळी लायब्ररी मिळते, तिच्यातलं संगीत वापरायचं. गाण्यासाठी अकाउंट पर्सनल करून ठेवणारे बरेच आहेत पण मग आकडेवारी दिसत नाही, जाहिरातपण चालवता येत नाही, आणि धंद्यासाठी गाणं वापरलं म्हणून व्हिडिओचा आवाज कधीही बंद होऊ शकतो. स्वतःचा आवाज सगळ्यात बेस्ट.

मराठीत बोलू की हिंदीत? का इंग्लिश कॅप्शन टाकू?

आपलं गाव चार भाषांचं आहे, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात मराठी आणि हिंदी-उर्दू, एवढं भांडवल दुसऱ्या गावाला कुठं आहे? विजापूर, गुलबर्गा, हैदराबाद ही सगळी तुमच्या रोजच्या ओळखीची गिऱ्हाइकं. मूळ व्हिडिओ मराठीत करा, आणि तोच आठवड्यानं घरातल्या कुणालातरी कन्नड किंवा तेलुगूत बोलायला लावून परत करा. आपण घरात बोलतो तशी साधी भाषा, पुस्तकी नको. इंग्लिश फक्त तिथं, जिथं माल परदेशी किंवा मोठ्या हॉटेलांना विकायचाय, टेरी टॉवेलवाल्यांना ते लागेल. कॅप्शनमध्ये 'सोलापूर' हा शब्द आणि वस्तूचं नाव साधं लिहा, लोक तेच शोधतात. हॅशटॅग तीन-चार पुरे.

भाव लिहायचा का? शेजारचा बघून कमी करेल ना.

लिहायचा. शेजाऱ्याला तुमचा भाव आधीच माहीत असतो, एकाच बाजारात सूत घेता की! लपवल्यानं त्याचं काही बिघडत नाही, गिऱ्हाईक मात्र निघून जातं. "प्राइस प्लीज" अशी कमेंट, त्यावर "डीएम केलंय" (म्हणजे खासगी मेसेज पाठवलाय), मग डीएम रिक्वेस्टमध्ये पडून राहणार, दोन दिवसांनी त्या माणसानं दुसरीकडून घेतलेलं असतं. भाव, साईज, वजन, कुरिअरचा खर्च वेगळा की धरून, एवढं सरळ लिहा. चादरीचं वजन तर लिहाच, कारण हलकी चादर स्वस्त आणि जड चादर महाग हे सोलापूरकराला हात लावला की कळतं, ऑनलाईनवाल्याला कसं कळणार? होलसेल भाव नको लिहायला, तिथं "२५ नगांच्या वर वेगळा रेट, फोन करा" एवढं बस.

व्ह्यूज अचानक का पडले? अल्गोरिदमचं काय गणित आहे?

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला स्वतः सांगितलं होतं की सगळ्यात महत्त्वाच्या तीन गोष्टी: लोक किती वेळ बघतात, लाईक किती करतात, आणि दुसऱ्याला किती पाठवतात. नवीन लोकांपर्यंत जायचं असेल तर हे पाठवणं जास्त कामाला येतं. म्हणजे काय, तर पहिल्या दोन-तीन सेकंदात मागाचा किंवा उखळाचा शॉट पाहिजे, "नमस्कार मित्रांनो आमच्या पेजवर आपलं स्वागत आहे" आणि फिरणारा लोगो नको. आणि टाकताना स्वतःला विचारा की हे बघून कोणी बहिणीला पाठवेल का. "चादर नवीन असताना पहिली धुलाई कशी करावी" हे लोक पाठवतात. "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" वर तुमचा फोटो, हे कोणी पाठवत नाही, आणि आपल्याकडे ऐंशी टक्के पेजवर तेच असतं की काय असं वाटावं इतके ते फोटो दिसतात.

व्ह्यूज वरखाली होतात, दोन रील पडली म्हणून अकाउंट बंद करून नवीन काढू नका.

फॉलोअर विकत घेतले तर?

घेऊ नका. ते चादर घेत नाहीत, आणि तुमची रील बघत नाहीत म्हणून खऱ्या माणसांपर्यंत जायची ती कमी जाते.

ब्रॉडकास्ट लिस्ट केलीय पण मेसेज लोकांना जातच नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना वेगवेगळा पाठवायची व्हॉट्सअ‍ॅपची सोय. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. हेच खरं काम आहे. बिल देताना म्हणा, "नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन डिझाईन आलं की स्टेटसला टाकतो." काउंटरवर क्यूआर कोड चिकटवा, स्कॅन केला की सरळ तुमचं चॅट उघडतं. असे दोनशे नंबर म्हणजे दोनशे अशी माणसं ज्यांनी पैसे देऊन तुमचा माल घरी नेलाय, त्यांच्यासमोर रोजचं स्टेटस जातंय, याच्यापेक्षा चांगली जाहिरात मला तरी माहीत नाही.

विचारल्याशिवाय लोकांना ग्रुपमध्ये ओढू नका. आणि बल्क मेसेजचं सॉफ्टवेअर विकायला कोणीतरी येईलच, त्यानं नंबर बॅन होतो, आणि मग पाच वर्षांचं गिऱ्हाईक ज्या नंबरवर आहे तोच नंबर गेला की काय करणार?

जाहिरातीला किती पैसे घालू?

आधी फुकटातलं जे रील आपोआप चाललंय तेच घ्या. न चाललेल्या रीलवर पैसे लावून ती चांगली होत नाही. पहिल्यांदा दिवसाला दोनशे रुपयांच्या आसपास, चार-पाच दिवस, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो तो धरा. रील खाली बूस्ट (पैसे देऊन जास्त लोकांना दाखवायचं) बटण असतं ते सोपं आहे पण अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती चालवायची जागा) थोडा वेळ घालवून शिकलात तर भाग, वय, जाहिरातीचा उद्देश नीट निवडता येतो. उद्देश 'मेसेज' ठेवा, म्हणजे जाहिरातीवर बोट ठेवलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं.

भाग निवडताना डोकं लावा. हॉटेल असेल तर सोलापूर शहरच, भाकरी खायला कोण नागपूरहून येणार आहे. चादर-चटणी असेल तर उलटं, सोलापुरात जाहिरात कशाला, इथं गल्लोगल्ली मिळते, पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे लावा, तिथं नोकरीला गेलेला सोलापूरकर आहे आणि त्याला आठवण येते. हिशेब साधा: किती पैसे गेले, किती जणांनी विचारलं, किती जणांनी घेतलं. हे तीन आकडे वहीत लिहा, लाईकचा आकडा लिहू नका.

इन्फ्लुएन्सरला बोलवावं का?

खाण्याच्या धंद्याला उपयोग होतो, चादरीला कमी. बोलवायच्या आधी त्याच्या कमेंट वाचा, लोक "पत्ता कुठंय, किती रुपये" विचारतायत का नुसते बदाम आणि आग टाकतायत. पैसे किंवा फुकट माल दिला असेल तर ती जाहिरात आहे असं व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं, अ‍ॅस्कीच्या (जाहिरात क्षेत्राचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांपासून हे ठरलेलं आहे, त्याला तसं सांगायला लावा. आणि व्हिडिओ पडला त्या दिवशी फोन उचलायला माणूस ठेवा, माल करून ठेवा. गर्दी आली आणि माल संपला तर तीच माणसं कमेंटमध्ये येतात.

ऑनलाईन "सोलापुरी चादर" म्हणून पानिपतचा माल अर्ध्या किमतीत विकतात, आम्ही काय टिकणार?

हा प्रश्न मला मनापासून लागतो, कारण यात आपल्या कामगाराच्या पोटाचा विषय आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण नाव मिळालं म्हणून गिऱ्हाईकाला फरक कळतो असं नाही, तो तुम्ही दाखवायचाय. दोन चादरी शेजारी टाका, एक तुमची, एक बाहेरची, कुठल्या दुकानाचं नाव घ्यायचं नाही. वजन काट्यावर ठेवून दाखवा, उलटी बाजू दाखवा, सूत ओढून दाखवा, दहा वेळा धुतलेली तुमची चादर दाखवा. कुणाला शिव्या न देता हे केलं की लोक स्वतःच कमेंटमध्ये लिहितात "आमच्या आजीची चादर अजून आहे".

जीआयचा लोगो मात्र मनानं लावू नका. १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती असेल तरच लावा, आणि असेल तर अभिमानानं सगळ्यात वर लावा.

घरून चटणी विकतेय, लायसन्स लागतं का? आणि जीएसटी?

ताई, खाण्याचं काहीही विकताय तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच, घरून असलं तरी. छोट्या धंद्याची नोंदणी ऑनलाईन होते, फार खर्च नाही, त्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर आणि प्रोफाईलवर टाका, विश्वास बसतो. केल्याची तारीख, किती दिवस टिकते, घटक हे पाकिटावर हवं. "आमच्या ज्वारीच्या भाकरीनं शुगर बरी होते" असलं काही लिहू नका, मंगळवेढ्याची ज्वारी म्हटलं की तिला स्वतःचं नाव आहे, ती औषध आहे असं सांगायची गरज नाही.

जीएसटीचं असं की महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत साधारण नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवायला लागलात की उलाढाल छोटी असली तरी नोंदणी लागते, हस्तकलेच्या काही मालाला सूट आहे. रील बघून हैदराबादची ऑर्डर आली की हा प्रश्न लगेच उभा राहतो, त्यामुळे आधीच सीएकडे एक चक्कर मारा.

आमचा युनिफॉर्मचा होलसेल धंदा आहे, रील बघून शाळा थोडीच ऑर्डर देणार?

रील बघून देत नाही, पण ऑर्डर द्यायच्या आधी तुम्हाला शोधून बघते. तेव्हा पेजवर कारखाना, मशीनची लाईन, कटिंग टेबल, साईज सेट, चेकिंग दिसलं पाहिजे, म्हणजे हा नुसता मधला एजंट नाही हे कळतं. तुमची जागा लिंक्डइन, यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग. शाळा जूनला उघडते म्हणून मे महिन्यात पोस्ट टाकून उपयोग नाही, तेव्हा तुम्ही माल पाठवण्यात असता, नमुने दाखवायचे दिवस त्याच्या कितीतरी आधीचे, साधारण दिवाळी झाली की सुरू करा.

तेच बाकी सगळ्यांना लागू आहे. हुरड्याची पोस्ट डिसेंबरात पार्टी सुरू झाल्यावर नको, नोव्हेंबरात बुकिंग घ्या. चादरीला थंडी आणि लग्नसराई. गड्डा, आषाढी वारी, अक्कलकोटची गर्दी हे दिवस कॅलेंडरवर आत्ताच लाल करून ठेवा.

फसवणुकीची भीती वाटते. काय काळजी घ्यायची?

भीती बरोबर आहे. नेहमीचा प्रकार असा: फोन येतो, मी लष्करात आहे, पन्नास चादरी पाहिजेत, भाव न करता हो म्हणतो, मग म्हणतो हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, बस. दुसरं, पेमेंटचा स्क्रीनशॉट बघून माल सोडू नका, बँकेत जमा झालेलं बघा, काउंटरवरच्या पोरालापण हे शिकवा.

तिसरं, "तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार, इथं क्लिक करा" असा मेसेज, वर कंपनीचा लोगो लावलेला, तो खोटा असतो, पासवर्ड टाकला की पेज गेलं. इन्स्टा-फेसबुकला टू फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावा, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा, आजच. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

कोणी वाईट कमेंट केली तर डिलीट करू?

शिवी असेल तर करा. तक्रार असेल तर ठेवा, आणि खाली सगळ्यांसमोर उत्तर द्या: "दादा, पाकीट फुटून तेल सांडलं हे वाचलं, नंबर पाठवतोय, दुसरं पाकीट आजच लावतो." आणि खरंच लावा. नवीन माणूस तक्रार वाचतो त्यापेक्षा जास्त तुमचं उत्तर वाचतो. चटणीला दोन पिशव्या आणि आतली सील पक्की, हे तर त्या दिवसापासून सुरू कराच.

हे सगळं करायला वेळ कुठंय? कुणाला काम दिलं तर?

द्या की, पण उत्तरं देणं देऊ नका. एडिटिंग, पोस्टर, जाहिरात बाहेर दिलं तरी चालतं, गिऱ्हाईकाशी बोलणारं माणूस घरचं किंवा दुकानातलं पाहिजे, ज्याला आत्ता हिरव्या रंगात डबल शिल्लक आहे का ते माहितीये. रोज सकाळी दुकान उघडल्यावर आणि रात्री बंद करायच्या आधी अर्धा अर्धा तास बसलात तरी छोट्या धंद्याचं भागतं.

काम बाहेर देताना पेज, इन्स्टा, गूगल प्रोफाईल, जाहिरातीचं खातं हे सगळं तुमच्या नंबरवर आणि तुमच्या ईमेलवर उघडलेलं पाहिजे, एजन्सीला फक्त काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस द्यायचा, जो कधीही काढता येतो. पूर्ण अ‍ॅक्सेस घरातल्या दोघांकडे ठेवा, एकाचा फोन हरवला तर दुसरा उघडू शकेल. आत्ता कुणाच्या हातात तुमचं पेज असेल आणि ते नक्की कुणाच्या ईमेलवर आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर आधी त्यांना फोन लावून ते बदलून घ्या, रील नंतर.